ध्वनिफितींचे अंकीकरण, घरगुती

चुंबकीय फितीवर मुद्रित झालेला ध्वनी संगणकाच्या साहाय्याने अंकांच्या रूपात उतरवून घेण्याच्या क्रियेस ध्वनिफितीचे अंकीकरण असे म्हणतात. अभिलेखागारांत ही क्रिया तज्ञांकडून होते. तथापि एक टेपरेकॉर्डर, एक जोडतार व साधा संगणक एवढ्या सामग्रीवर ती घरीही करता येते. प्रस्तुत नोंदीत कॅसेटच्या घरगुती अंकीकरणाचा, विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात, परामर्श घेतला आहे. [→ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

कॅसेटचा प्रसार : कॅसेट हे नेदर्लंड्समधील फिलिप्स कंपनीचे अपत्य होय. लू ओटन्स (१९२६–२०२१) यांच्या नेतृत्वाखाली बेल्जियममधील हॅसेल्ट येथे ती विकसित झाली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिच्यातील फीत ३·८१ मिमी. रुंद असून ती सेकंदाला ४·७६ सेंमी. या वेगाने सरकते. इतक्या अरुंद व मंदगती फितीवर संगीत समाधानकारक उतरेल अशी सुरुवातीस अपेक्षा नव्हती. बोलणे टिपून घेण्याचे सुटसुटीत साधन एवढाच तिचा हेतू होता.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे प्रारंभ झाला. त्यानंतर सु. सात दशके कोणते गाणे मुद्रित व्हावे, हे तबकड्या काढणाऱ्या कंपन्या ठरवीत. तबकडीला कारखाना लागे. श्रोता ती फक्त वाजवू शके. कॅसेटने ही मक्तेदारी मोडली. १९७० नंतर आखाती देशांत कामासाठी गेलेल्या लोकांनी आणलेले ‘टू-इन-वन’ संच आणि १९८० नंतर देशात स्वस्त झालेल्या कॅसेटी यांमुळे मुद्रणाचे साधन प्रथमच सामान्य कुटुंबाच्या हाती आले. महाराष्ट्रात याचा ठळक परिणाम भीमगीतांच्या बाबतीत दिसून येतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते गायनपार्ट्यांच्या मुखी होतीच. ती आता कॅसेटींवर आली व नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि मुंबईच्या चैत्यभूमीवर भरणाऱ्या मेळ्यांतून खेडोपाडी पोहोचली.

घरातील एकमेव प्रत : विक्रीसाठी निघालेल्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेतरी सापडण्याचा संभव असतो. घरी मुद्रित केलेल्या कॅसेटचे तसे नाही. ती एकच असते. घाटंजी या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या परिसरात मराठीच्या वऱ्हाडी बोलीखेरीज बंजारा समाजाची गोरमाटी आणि द्राविडी कुलातील गोंडी व कोलामी या भाषा बोलल्या जातात. होळीच्या वेळची लेंगी गीते, दिवाळीच्या सुमाराची दंडार, हळदीची व लग्नाची गाणी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) परंपरेतील खंजिरी भजने अशी मौखिक संगीताची संपत्ती विदर्भाच्या या भागात विपुल आहे. परंतु तिच्यातील फार थोडा अंश कंपन्यांच्या यादीत आला. उरलेल्यापैकी जे काही टिपले गेले, ते बहुधा कुणाच्या तरी घरच्या टेपरेकॉर्डरवर, कोंबड्याच्या आरवण्यासह व भांड्यांच्या आवाजासह. कोलामीला स्वतःची लिपी नसल्याने तिच्या बाबतीत अशा फितीचे मोल केवळ कौटुंबिक राहत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. विकत आणलेल्या कॅसेटच्या पाठीवरील प्लॅस्टिकची खूण मोडलेली असते, जेणेकरून तिच्यावर पुन्हा मुद्रण होऊ नये. त्या खाचेत कागदाचा बोळा घालून वा चिकटपट्टी लावून चित्रपटगीतांच्या कॅसेटवर घरचे लग्न उतरविण्याची पद्धत सर्रास होती. म्हणून वेष्टनावरील नाव पाहून कॅसेट टाकून देऊ नये. खाच बुजविलेली असल्यास ती अवश्य ऐकावी.

ऱ्हासाची कारणे : फितीचा पाया पॉलिएस्टरचा असून त्यावर बहुधा लोहाच्या ऑक्साइडाचा लेप असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमधील फीत सु. १८ मायक्रोमीटर, तर नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधील सु. १२ मायक्रोमीटर जाडीची असते. दुसरी साहजिकच लवकर ताणली जाते. यवतमाळच्या उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते आणि लगोलग पावसाळी दमटपणा येतो. उष्णतेने कवच वाकते, फीत दाबून धरणाऱ्या बनातीच्या तुकड्याचा डिंक सुटतो व दमट हवेत फितीवर बुरशी धरते. तरीही फीत पुष्कळ टिकाऊ ठरली आहे. आधी संपत आहेत ती यंत्रे. रबरी पट्टे सैल पडतात, हेड झिजते, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती जाणणारे कारागीरही विरळ होत आहेत. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागार संघटनेच्या सहकार्याने २०१९ मध्ये या धोक्याचा इशारा दिला व २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजविण्याची सोय बहुतेक ठिकाणी संपुष्टात येईल, असे सूचित केले.

पद्धती : प्रथम कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण गुंडाळून सैल करतात (अडकलेले रीळ षट्‌कोनी पेन्सिलीने फिरविण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते). हेड व रबरी रूळ कापसाने स्वच्छ करतात. टेपरेकॉर्डरचा निर्गम संगणकाच्या ‘लाइन-इन’ला जोडावा; मायक्रोफोनच्या छिद्रात जोडल्यास आवाज फाटतो. हेडचा कोन फितीशी नेमका जुळला नसेल, तर वरच्या पट्टीतील स्वर दबतात. हेडजवळचा स्क्रू किंचित फिरवून टाळ वा खंजिरी सर्वांत स्पष्ट वाजेल तेथे तो स्थिर करणे, ही एकच गोष्ट अनेकदा महागड्या उपकरणांपेक्षा अधिक गुणकारी ठरते. मुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ (२०००) यासारख्या विनामूल्य आज्ञावली उपलब्ध आहेत.

संगणक ध्वनिलहरीचे सेकंदाला ४४,१०० वेळा मापन करून प्रत्येक माप १६ अंकस्थानांत नोंदवितो. या हिशेबाने दोन वाहिन्यांच्या एका तासास सु. ६३५ मेगाबाइट जागा लागते. अभिलेखागारे याहून सूक्ष्म, म्हणजे ९६,००० मापने व २४ अंकस्थाने, पसंत करतात. जागा वाचविण्यासाठी थेट एमपी३ स्वरूपात मुद्रण करणे मात्र चुकीचे होय, कारण त्यात गाळलेला ध्वनी परत मिळत नाही. आवाज ‘स्वच्छ’ करण्याचा हव्यासही असाच घातक असतो. फितीची खरखर काढताना खंजिरीच्या झांजांची किणकिणही निघून जाते. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवून तिच्या नकलेवर हवे ते प्रयोग करावेत. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. या कामात घाईला वाव नाही.

कायदा : प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अन्वये खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे अशा प्रतींचे वितरण वा विक्री करता येत नाही. घरगुती मुद्रणातही गायिकेची संमती हा प्रश्न उरतोच.

नोंदींचे महत्त्व : हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी पुणे येथून चालविलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात एक हजाराहून अधिक गावांतील १,१०,००० हून अधिक ओव्या जमा झाल्या, काहींचे गायनही मुद्रित झाले. हे भांडार २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण अभिलेखागाराने प्रकाशात आणले. त्याचे सामर्थ्य संख्येइतकेच नोंदींत आहे : ओवी कोणी म्हटली, ती कोणत्या गावची, हे त्यात ठाऊक आहे. घरच्या कॅसेटींत नेमके हेच हरवलेले असते. म्हणून अंकीकरण चालू असतानाच घरातील वडीलधाऱ्या मंडळींना जवळ बसवून आवाज कोणाचा, लग्न कोणाचे, वर्ष कोणते हे विचारावे आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच आवाजात फितीच्या प्रतीबरोबर जोडून ठेवावे.