पक्षाघातातून बचावलेल्यांचा रक्तदाब : एका वैद्यकीय शंकेचा इतिहास

प्रस्तावना

पक्षाघात किंवा अर्धांगवायू या आपल्याकडील जुन्या संज्ञा रोगाचे वर्णन शरीराच्या निकामी झालेल्या बाजूवरून करतात. दुसरी संज्ञा तर त्याचे कारण वायूवर सोपविते. रक्तवाहिनीचा उल्लेख दोहोंतही नाही. युरोपातील स्थितीही फार वेगळी नव्हती. १६५८ मध्ये शाफहाउझेन येथील योहान याकोब वेप्फर याने शवविच्छेदनाच्या आधारे मेंदूतील रक्तस्राव व हा झटका यांचा संबंध दाखविला, तरी पुढील अडीच शतके रुग्णाच्या शय्येपाशी त्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र याहून मर्यादित आहे. ज्याला एकदा झटका येऊन गेला आणि जो त्यातून जगला, त्याचा वाढलेला रक्तदाब उतरवावा की नाही, हा तो प्रश्न. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्यात प्रश्न असा काही दिसणारही नाही. परंतु निर्णायक उत्तर मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले.

उपयुक्त मानलेला दोष

रीव्हा-रोच्ची याने १८९६ मध्ये दंडाला बांधावयाची पट्टी वापरात आणली आणि १९०५ मध्ये कोरोटकॉफ याने नाडीचे ध्वनी ऐकून रक्तदाब मोजण्याची रीत सांगितली. मोजमाप हाती आले, तरी मोजलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे ठरले नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामवंत वैद्यांची अशी धारणा होती की, अरुंद व कठीण झालेल्या वाहिन्यांतून मेंदूस पुरेसे रक्त पोहोचविण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढविते. अमेरिकेतील अग्रगण्य हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनीही १९३०च्या दशकात हा दाब भरपाईची यंत्रणा असू शकेल, तिला हात लावू नये, असे मत मांडले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका आढळला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी विश्रांती, आहारातील निर्बंध व डिजिटॅलिस यांपलीकडे वैद्यांपाशी देण्याजोगे फारसे काही नव्हते, हे त्यांच्यावर टीका करताना विसरता कामा नये.

सर्पगंधेचा प्रवास

औषधाच्या शोधाचा एक धागा मुंबईतून निघतो. सर्पगंधा ही वनस्पती देशी वैद्यकात जुनीच. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन व बोस यांनी रक्तदाब व मनोविकार यांवरील तिच्या परिणामांची नोंद केली. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाने. मुंबईत ५० रुग्णांवर केलेले त्यांचे निरीक्षण १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे केले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. एवढी हकिकत आपल्याकडे गौरवाने सांगितली जाते व ती तेथेच थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी कथा पुढे आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत थायझाइड व हायड्रॅलझिन यांच्या जोडीला हेच रेसर्पिन होते. १९६७ व १९७० या वर्षी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि रक्तदाब उतरविल्याने झटका टळतो, हे प्रथमच ठामपणे दिसले. १९४८ पासून फ्रेमिंगहॅम गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांचा जो दीर्घ अभ्यास चालू होता, त्यानेही १९७० मध्ये उच्च रक्तदाब हा झटक्याचा प्रमुख पूर्वसूचक असल्याचे दाखविले. 'जोखमीचे घटक' ही कल्पना वैद्यकात रुजली ती याच अभ्यासामुळे. पण हे दोन्ही पुरावे मुख्यतः पहिल्या झटक्यासंबंधीचे होते. बचावलेल्या रुग्णाचे काय?

१९७४ चा पेच

येथे शंका अधिक बळकट होती, आणि ती अडाणीपणाची मुळीच नव्हती. मेंदू आपला रक्तप्रवाह दाबाच्या एका मर्यादेत स्वतःच स्थिर राखतो. दीर्घकाळ उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ही मर्यादा वरच्या बाजूस सरकते, असे १९७३ मध्ये कोपनहेगनच्या स्ट्रँडगार्ड व सहकाऱ्यांनी दाखविले. अशा रुग्णाचा दाब एकदम उतरविला तर आधीच दुखावलेल्या मेंदूस रक्त कमी पडेल, ही भीती त्यामुळे शास्त्रीय आधारावर उभी राहिली. इंग्लंडमध्ये बार्हम कार्टर यांनी १९७० मध्ये बचावलेल्या रुग्णांच्या एका लहान गटात उपचाराने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटल्याचे नोंदविले होते. याउलट १९७४ मध्ये अमेरिकेतील सहकारी चाचणीचे निष्कर्ष आले. ४५२ बचावलेले रुग्ण, औषधे डेसर्पिडिन व मेथिक्लोथायझाइड. यांतील डेसर्पिडिन हे सर्पगंधेच्याच कुळातील वनस्पतीपासून मिळणारे द्रव्य. हृदयाचे कार्य मंदावण्याचे प्रमाण घटले; परंतु पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक दिसला नाही.

या निष्कर्षाचे वाचन कसे झाले, हा इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा होय. साडेचारशे रुग्णांत मध्यम प्रतीचा लाभ सिद्ध होणे कठीणच होते. 'सिद्ध झाले नाही' याचा अर्थ पुष्कळांनी 'उपयोग नाही' असा घेतला. १९९३ मध्ये नेदरलँड्समधील १,४७३ रुग्णांवरील अ‍ॅटिनोलॉलच्या चाचणीतही स्पष्ट लाभ दिसला नाही, आणि संकोच आणखी लांबला. दरम्यान १९७८ मध्ये कॅनडातील ५८५ रुग्णांवरील चाचणीने अ‍ॅस्पिरिनला स्थान मिळवून दिले. रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आणि रक्तदाबाविषयी मौन, अशा चिठ्ठ्या त्या काळात पुष्कळांनी पाहिल्या असतील.

कोंडी फुटली ती आशियातून. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत ५,६६५ रुग्ण होते. इंडापामाइड या स्वस्त मूत्रल औषधाने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी घटले. २००१ मध्ये 'प्रोग्रेस' या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. आशिया, ऑस्ट्रेलेशिया व युरोपातील १७२ केंद्रे, ६,१०५ रुग्ण, सुमारे चार वर्षांचा मागोवा. घट २८ टक्के. पेरिंडोप्रिल व इंडापामाइड एकत्र दिलेल्यांत ती ४३ टक्के होती, तर एकट्या पेरिंडोप्रिलचा लाभ सिद्ध झाला नाही. ज्यांचा रक्तदाब रूढ अर्थाने उच्च नव्हता, त्यांनाही फायदा झाला. म्हणजे प्रश्न केवळ दाब किती आहे याचा नव्हता. किती उतरविता येतो याचाही होता. पुढे २००६ मध्ये अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या चाचणीने (४,७३१ रुग्ण, १६ टक्के घट) कोलेस्टेरॉलचाही या यादीत समावेश केला, जरी त्या गटात रक्तस्रावी झटके किंचित वाढले. तीव्र झटक्याच्या पहिल्या काही दिवसांत दाब उतरविण्याचा प्रश्न निराळा असून, तेथे सावधगिरी अद्याप कायम आहे.

आपल्याकडील स्थिती

मुंबईतील २००५-०६ च्या नोंदवहीत प्रथमच झटका आलेल्या ४५६ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. उरलेले सत्तर टक्के हेच प्रस्तुत चर्चेतील 'बचावलेले' होत. त्यांच्यासाठी आज औषधांची उणीव नाही; निदान शहरांत तरी ती स्वस्तही आहेत. अडचण ती चालू ठेवण्याची आहे. हात चालू लागला, बोलणे सुधारले की गोळी बंद होते, हा अनुभव घरोघरचा. भारतातील ३१ केंद्रांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंट इंडिया' चाचणीने नेमका हाच दुवा तपासला. चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या भाषेतील पुस्तिका, चित्रफिती व मोबाइलवरील संदेश पुरविण्यात आले. औषधे घेण्यातील नियमितपणा व मद्यत्याग यांत काही सुधारणा दिसली. वर्षअखेर पुन्हा झटका, हृदयविकार वा मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.