सोळा हात पाणी

इतिहासाच्या तासाला मिसरचा विषय निघाला की आमच्या उर्दू शाळेतील मुलांना पिरॅमिडपेक्षा ह. युसूफ (अ.स.) यांचा किस्सा जवळचा वाटतो. सात वर्षे सुकाळाची, सात दुष्काळाची, राजाला पडलेले स्वप्न, धान्याची कोठारे. असाच किस्सा चालला असता आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, युसूफ अलैहिस्सलामांना स्वप्नाचा अर्थ कळला म्हणून लोक वाचले. त्यांच्यानंतरच्या लोकांना दुष्काळ येणार हे कसं कळत असेल?" आम्हांला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांना ते मोजून कळत होते.

कैरोत नील नदीच्या पात्रात रौदा नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला अब्बासी खलिफा अल-मुतवक्किल याच्या काळात, ८६१ साली, दगडी बांधणीची एक खोल चौकोनी विहीर उभारली गेली. तिला अरबीत 'मिक्यास' म्हणतात, म्हणजे मोजमापाचे साधन. नदीचे पाणी वेगवेगळ्या उंचीवरच्या तीन भुयारांतून विहिरीत येई. मध्यभागी संगमरवरी अष्टकोनी खांब, त्यावर हातांच्या खुणा आणि प्रत्येक हाताची चोवीस अंगुळे. आपल्याकडेही जुन्या मापात चोवीस अंगुळांचाच हात होता! पाणी, पाऊस आणि पीक यांविषयीच्या कुरआनच्या आयती कूफी लिपीत भिंतींवर कोरल्या आहेत. फराओंच्या काळापासून मिसरमध्ये असे मोजखांब होते, मुसलमानांनी ती परंपरा पुढे नेली. या बांधकामाशी अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाचे नाव जोडले जाते.

या मिक्यासवर जो पहिला रखवालदार नेमला गेला त्याचे नाव अबुल-रद्दाद. मूळचा बसऱ्याचा. इतिहासकार मकरीझी त्याला 'मुअल्लिम' म्हणतो, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. पगार महिना सात दिनार. (तो वेळेवर मिळत असावा अशी आशा करू.) पुढे हे काम त्याच्याच घराण्यात शतकानुशतके राहिले. बाप गेला की मुलगा पायऱ्या उतरून खांबावरचे अंगुळे मोजी. या घराण्याच्या नावावर कोणती लढाई नाही की कोणता किल्ला नाही. आमच्या मते मात्र मिसरच्या इतिहासात बहुतेक सुलतानांपेक्षा त्यांची कामगिरी मोठी आहे. ते का, हे पुढे येईलच.

सोळा हात हा कळीचा आकडा होता. पाणी सोळा हात चढले म्हणजे नीलने आपला वादा पूर्ण केला, त्याला 'वफा' म्हणत. मग कैरोच्या कालव्याचा बांध समारंभाने फोडला जाई आणि सरकारला जमिनीचा पूर्ण खराज मागता येई. पाणी त्याखाली राहिले तर शेती कोरडी आणि वसुलीही कमी. फार वर चढले तर गावे बुडत. दवंडी पिटणारा रोज गल्लोगल्ली किती अंगुळे पाणी वाढले ते सांगे आणि त्या आकड्यावर बाजारातला गव्हाचा भाव हले. पूर रेंगाळला की लोक घाबरून धान्य भरून ठेवीत, व्यापारी कोठारे बंद करीत. म्हणून ९७३ साली फातिमी खलिफा अल-मुइज्ज याने हुकूम काढला की सोळा हात भरेपर्यंत आकडा जाहीर करायचा नाही, फक्त त्याला आणि सेनापती जौहर यांना कळवायचा. साठेबाजीला आळा घालण्याचा हेतू चांगलाच होता. पण पाण्याचा आकडा रयतेपासून लपवण्याची चालही तिथेच दिसते.

आकडा कळला म्हणून संकट टळतेच असे नाही. १२०० साली पाणी तेरा हातही भरले नाही. त्यानंतरच्या दुष्काळात माणसाने माणूस खाल्ल्याच्या हकिगती अब्दुल लतीफ बगदादी या हकीमाने लिहून ठेवल्या आहेत. त्या वर्गात सांगण्याजोग्या नाहीत. पुढे मकरीझीने १४०५ मध्ये दुष्काळांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. नील कमी चढणे हे तर नेहमीचेच, पण त्याचे रूपांतर उपासमारीत होते ते पैसे देऊन मिळवलेल्या पदांमुळे, वाढत्या खंडामुळे आणि तांब्याच्या नाण्यांच्या सुळसुळाटामुळे, असे त्याने स्पष्ट मांडले. सहाशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आजही कोणत्याही दुष्काळाला लावून पाहावी.

नील मोजण्यावर न थांबता तिला आवरण्याचे स्वप्न पाहणाराही एक होऊन गेला, बसऱ्याचाच इब्न अल-हैसम. मी मिसरमध्ये असतो तर नीलचे पाणी बाराही महिने उपयोगी पडेल असे काही केले असते, असे त्याचे म्हणणे खलिफा अल-हाकिमच्या कानी गेले आणि त्याने त्याला बोलावून घेतले. इब्न अल-हैसम कारागीर घेऊन अस्वानकडे निघाला. वाटेतली प्राचीन बांधकामे पाहून त्याच्या ध्यानात आले की इतके कसबी लोक हे करू शकले नाहीत, तेव्हा ते होण्यासारखे नाही. अल-हाकिम लहरी, नकार ऐकून जीवही घ्यायचा. इब्न अल-किफ्ती लिहितो की, १०२१ मध्ये खलिफा संपेपर्यंत याने वेडाचे सोंग घेतले. 'किताबुल मनाझिर' हा प्रकाशशास्त्राचा थोर ग्रंथ लिहिणारा तो हाच.

मिक्यासच्या नोंदी मात्र चालूच राहिल्या. ६२२ पासून १२८४ पर्यंतचे आकडे जवळजवळ सलग मिळतात. विसाव्या शतकात मिसरच्या राजघराण्यातील उमर तूसून यांनी ते जुन्या ग्रंथांतून गोळा केले. १९०६ साली मिसरमध्ये आलेला हॅरोल्ड हर्स्ट हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या आकड्यांवर बसला. लोक त्याला 'अबू नील' म्हणत. त्याच्यापुढचा प्रश्न मुलीच्या प्रश्नासारखाच होता. दुष्काळी वर्षांत पुरेल इतके पाणी साठवायचे तर तलाव केवढा हवा? प्रत्येक वर्ष स्वतंत्र असेल, नाणे उडवल्यासारखे कधी छापा कधी काटा, तर हिशेब सोपा. हर्स्टने खरोखर नाणी उडवून आणि पत्ते काढून पाहिले. नील तशी वागत नव्हती. चांगली वर्षे चांगल्यांना आणि वाईट वर्षे वाईटांना धरून येत होती. म्हणजे साध्या हिशेबापेक्षा तलाव बराच मोठा हवा. झाडांची वलये, तळ्यातील गाळाचे थर, पावसाच्या नोंदी यांतही त्याला तेच दिसले. १९५१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे १९६८ साली गणितज्ञ मँडेलब्रॉट आणि वॉलिस यांनी या गुणधर्माला नाव दिले 'जोसेफ परिणाम'. जोसेफ म्हणजे आपले ह. युसूफ (अ.स.). आज धरणे, शेअरबाजार आणि संगणकाची वाहतूक यांच्या अभ्यासातही हर्स्टचा हा घातांक वापरतात. त्याच्या मुळाशी अबुल-रद्दादच्या घराण्याने मोजलेली अंगुळे आहेत.

हे आपल्यापासून दूरचे नाही. नीलचा पूर हबशाच्या, म्हणजे इथिओपियाच्या डोंगरांवरील जून ते सप्टेंबरच्या पावसाचा. तोही पॅसिफिक समुद्रातील एल निनोच्या तालावर डोलतो. १८७७ साली नीलचा पूर फारच कमी आला आणि त्याच सुमारास, १८७६ ते ७८ मध्ये, आपल्या दख्खनमध्ये महादुष्काळ पडला होता.

मोठा तलाव अखेर झाला. अस्वानचे उंच धरण १९६० मध्ये सुरू होऊन १९७० मध्ये पूर्ण झाले. (हर्स्टच्या आराखड्यात खरा भर विषुववृत्ताजवळच्या सरोवरांत पाणी साठवण्यावर होता.) १९८० च्या दशकात ओळीने वाईट वर्षे आली, हबशात हाहाकार झाला आणि मिसर त्या साठ्यावर तगला. इथे हिशेब बरोबर ठरला.

एक रकाना मात्र चुकला. नील दरवर्षी दहा कोटी टनांहून जास्त गाळ आणी. अभियंते तो विसरले नव्हते, तलावाच्या तळाशी त्यासाठी जागा राखली होती. पण गाळ म्हणजे जागा अडवणारी अडचण, एवढाच तो हिशेब. मुखाशी भूमध्य समुद्राच्या लाटा किनारा खात असतात आणि नवा गाळ ती झीज भरून काढतो, हे नाते त्यात मुख्यतः राहून गेले. रशीदचे टोक वर्षाला शंभर मीटरहून अधिक वेगाने समुद्रात गेले, शेवटी १९९० च्या सुमारास तिथे भिंत बांधावी लागली. शेतात गाळाची जागा रासायनिक खताने घेतली. न मुरलेले खत निचऱ्याच्या नाल्यांतून मनझला, बुरुल्लुस या सरोवरांत उतरते. बहर अल-बकर हा नाला तर शहरांची आणि कारखान्यांची घाणही मनझलात आणून सोडतो. आणखी एक गंमत पाहा. पूर बंद झाल्यावर किनाऱ्यावरचे सार्डिन मासे जवळजवळ संपले होते. १९८० नंतर मासळी पुन्हा वाढली, तेव्हा लोक खूश झाले. शोध घेतला तर त्या मासळीचे पोषण खताच्या आणि सांडपाण्याच्या नायट्रोजनवर होत होते.

रौद्याच्या मिक्यासची भुयारे आता बुजवलेली आहेत. प्रवासी कोरड्या पायऱ्या उतरून खांब पाहतात. पुराचा आकडा आता वरच्या अंगाला ठरतो. निळ्या नीलवर इथिओपियाने बांधलेल्या प्रचंड धरणाचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. दुष्काळी वर्षांत त्यातून किती पाणी सोडायचे आणि रोजचे आकडे खालच्या देशांना कधी कळवायचे, याचा बंधनकारक करार तोवर झालेला नव्हता. त्या मुलीला एवढे सांगितल्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "सर, मग तिथला खांब कोण मोजतं?"