चुन्याची बादली कोणाच्या हातात?

1897च्या प्लेगविषयीची सरकारी कागदपत्रे वाचली की एक ठरावीक देखावा समोर येतो. साहेब चुना, कार्बोलिक जंतुनाशक आणि पाण्याचे पंप घेऊन घरे धुवायला निघाला आहे आणि नेटिव्ह माणूस आपली घाण कवटाळून दारात आडवा पडला आहे. पुढे हाच देखावा आपण जसाच्या तसा उचलला आणि त्या आडवे पडण्याला देशभक्ती म्हटले, एवढेच. दोघांनीही गृहीत धरले की लोकांचा विरोध घर धुण्याला होता. मला ते पटत नाही. लोक घरे धूतच होते, आणि जवळजवळ त्याच पद्धतीने धूत होते.

बंद पडलेल्या, मृत्यू झालेल्या किंवा नव्याने घेतलेल्या घरात राहायला जाण्याआधी ते घर साफ करणे ही आपल्याकडची जुनी रीत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जमीन शुद्ध करण्याचे पाच मार्ग दिले आहेत: झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, वरचा थर खरवडणे आणि तिथे गाई बांधणे. पोथी बाजूला ठेवली तरी कुणब्याच्या घरात काम याच क्रमाने होई. आधी माळ्यावरची अडगळ खाली, मग आढ्याची जळमटे, मग भिंतींचे फुगलेले पोपडे. जमीन उखडली असेल तर उकरून नवी माती घालायची, पाणी मारून चोपण्याने बडवायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. भिंतींना पांढरी माती, ऐपत असेल तर चुना. कळीचा चुना पाण्यात पडला की आपोआप खदखदू लागतो, हात घातला तर भाजतो. विरल्यावर गाळून पातळ करायचा आणि कुंचल्याने दोन हात द्यायचे. या ताज्या चुन्याने जंतू खरोखरच मरतात, हे शास्त्राने मागाहून सांगितले. अर्थात या रीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सारवणे घरच्या बायकांच्या गळ्यात आणि मेलेले ढोर ओढणे गावकुसाबाहेरच्यांच्या, ही वाटणीही त्याच रीतीचा भाग होती.

आता प्लेगची मोहीम पाहा. सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जादा अधिकार हाती घेतले. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले, चाळींच्या खोल्या पंपाने धुतल्या गेल्या, भिंतींना चुना लागला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. ऊन आत यावे म्हणून कौले उतरवली, मातीच्या जमिनी खणून काढल्या. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चपासून पुण्यात सरकारी अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांची पथके घराघरांत घातली. झाडणे, धुणे, खरवडणे, चुना देणे, या यादीत घरच्या बाईला अनोळखी असे काय होते? औषधांचा वास सोडला तर फारसे काही नव्हते.

अनोळखी होते ते करणारे हात आणि करण्याची तऱ्हा. पूर्वी घर धुतले जाई ते माणसे परत राहायला येणार म्हणून. इथे आधी माणसांना बाहेर काढले जाई, आजारी माणूस इस्पितळात आणि सोबतचे विलगीकरणाच्या छावणीत, आणि त्यांच्या पाठीमागे घर साफ होई. अंथरुणे-कपडे जाळले जात. देवघरात, स्वयंपाकघरात बूट शिरत. धुतलेल्या घरात परत येणाऱ्याला आपली कुठली वस्तू उरली आहे याची खात्री नसे. 22 जून 1897च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या. त्यामागे इतरही कारणे होती, पण पुण्यातला सर्वसामान्य संताप या घरझडतीतून आलेला होता.

यावर कोणी म्हणेल, हजारोंनी माणसे मरत असताना परवानगी मागत बसायचे का? जीव वाचणार असतील तर देवघराची पायरी ओलांडली म्हणून काय बिघडले? आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्या धुण्याने जीव वाचतच नव्हते. 1898मध्ये कराचीत सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1905पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने मात्र मुंबईत कसून प्रयोग केले. प्लेगच्या घरांत ठेवलेल्या गिनीपिगांपैकी पिसवांना आत येता येणार नाही अशा बारीक जाळीतले वाचले आणि उघडे मेले. आणखी एक निष्कर्ष असा, की मुद्दाम प्लेगचे जंतू भरपूर पसरलेली शेणाची जमीन 48 तासांनंतर आणि चुन्याची 24 तासांनंतर संसर्ग देईनाशी होते. ज्या जमिनी शिपायांनी खणून काढल्या त्या दोन दिवस थांबल्याने आपोआप निर्धोक झाल्या असत्या. पिसवा उंदरांवर, उंदीर कौलांत आणि भिंतींच्या पोकळीत. औषधी पाणी मात्र फरशीवर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली, हे खरेच आहे. मग त्यांना शहाणे कसे म्हणावे? पण लपवत होते ते इस्पितळाच्या आणि छावणीच्या भीतीने. जिथे निर्णय त्यांच्या हाती होता तिथे ते वेगळे वागले. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे दख्खनच्या खेड्यांतल्या माणसांनी पिसवांचा सिद्धान्त मान्य होण्याच्या आधीच ताडले होते. माळावर झोपड्या घालून महिना-दोन महिने काढायचे, साथ ओसरली की घर उघडून सगळे खरवडायचे, सारवायचे आणि मग राहायला जायचे. रिकाम्या घरात पिसवांना उपासमार घडे, म्हणून हा उपाय लागू पडे. मुंबईतही 1897च्या सुरुवातीला सुमारे चार लाख माणसे शहर सोडून गेली. सरकारने त्यांना पळपुटे म्हटले. या पळापळीने रोग काही नव्या गावांत पोचला हे मान्य करूनही, तो शब्द अन्यायाचाच.

या पळापळीत स्नो यांची झोप उडवणारी भीती निराळीच होती: हलालखोर, म्हणजे मैला आणि कचरा वाहणारे कामगार, गेले तर काय? ते गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे त्यांनी जाणले आणि सक्ती थोडी सैल केली. शहरातली सगळ्यात धोक्याची साफसफाई ज्यांच्या जिवावर चालली होती त्यांचा शब्द, निदान त्या एका वेळी, ऐकला गेला.

मार्च 1898मध्ये मुंबईत एका घरझडतीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्तीचा मार्ग सोडला. गाव रिकामे करणे आणि हाफकिनने तयार केलेली प्लेगची लस हे पुढचे मुख्य उपाय ठरले, आणि त्यांतला पहिला खेड्यांतली माणसे आधीपासूनच करत होती.