जुनें गिऱ्हाइक आणि त्याचा वांटा

इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांत रॉचडेल नांवाचें विणकरांचें एक गांव होतें. तेथील टोड लेन ह्या गल्लींत ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं संध्याकाळीं एक लहानसें दुकान उघडलें. मालक २८ आणि भांडवलही २८ पौंड. मालांत पीठ, लोणी, साखर, ओटचें पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढेंच होतें.

त्या काळीं मजुराला दुकान बदलण्याची मुभा फारशी नसे. उधारीनें तो एकाच वाण्याशीं जखडलेला असे. पिठांत भेसळ होई, चहांत वापरून वाळविलेलीं पानें मिसळलीं जात; पण ज्याच्या नांवावर बाकी आहे त्यानें तक्रार कोणत्या तोंडानें करावी? अशा गिऱ्हाइकास इमानी म्हणणें म्हणजे दाव्याला बांधलेल्या गाईस घराची ओढ आहे असें म्हणण्यासारखेंच होय.

रॉचडेलच्या मंडळीनें उधारी बंद केली. माल शुद्ध, माप पुरें, व्यवहार रोखीचा. परंतु खरी मख्खी पुढेंच आहे. भांडवलावर ठराविक व्याज दिल्यावर जो नफा उरे, तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत सभासदांस परत मिळे. वर्षभर पीठ-साखर नेणाऱ्या विणकराच्या नांवें त्याचा वांटा जमे. तो उचलावा किंवा दुकानांतच ठेवावा. ह्या योजनेचें श्रेय सामान्यतः चार्ल्स हॉवर्थ ह्यास देतात. ह्याला बक्षीस म्हणतां येत नाहीं; बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतें, हा हिशेबानें निघणारा हक्क होता. सभेंत प्रत्येकास एकच मत असे आणि स्त्रियांनाही सभासद होतां येई. १८५० सालीं सभासद ६०० होते, १८६० सालीं ३,४५०.

खासगी व्यापाऱ्यांनीं ह्यांतील गोडी तेवढी उचलली. अमेरिकेंत स्पेरी आणि हचिन्सन ह्यांच्या कंपनीनें १८९६ सालीं तिकिटांचा धंदा काढला. खरेदीबरोबर तिकिटें मिळत. तीं वहींत चिकटवावीं, आणि पुरेशा वह्या भरल्या कीं भांडें किंवा घड्याळ घरीं आणावें. ब्रिटनमध्यें ग्रीन शील्डचीं तिकिटें १९५८ पासून निघालीं, आणि पुढें कित्येक सहकारी दुकानांनींही आपला वांटा सोडून तिकिटेंच धरलीं! गिऱ्हाइकाच्या हातीं वही आली, परंतु दुकानाच्या हिशेबावरील त्याचा अधिकार मात्र त्या वहींत कोठेंच नव्हता.

वर्गणीच्या व्यवहारांत तर गंगा उलटी वाहूं लागली. सप्टेंबर २०१८ मध्यें ब्रिटनच्या सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या संस्थेनें स्पर्धा-नियामकांकडे तक्रार नेली. मोबाइल, ब्रॉडबँड, बचत ठेवी, घराचा विमा आणि गहाणकर्ज ह्या पांच व्यवहारांत जुनीं गिऱ्हाइकें आपल्या निष्ठेपायीं दरसाल सुमारें ४०० कोटी पौंडांस मुकतात, असा तिचा हिशेब होता. नव्या माणसास स्वस्त दराचें आमिष दाखवावयाचें, आणि जो मुकाट्यानें नूतनीकरण करतो त्याचा दर वर्षागणिक वाढवावयाचा, अशी ही रीत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना कंपन्या बदलण्याची यातायात झेपत नाहीं. झळ त्यांनाच अधिक लागे.

अखेर ता. १ जानेवारी २०२२ पासून तेथील वित्त-नियामकानें घराच्या व मोटारीच्या विम्यापुरता निर्बंध घातला: नूतनीकरण करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकास, तसल्याच नव्या गिऱ्हाइकास सांगितला असता त्याहून अधिक हप्ता सांगतां येणार नाहीं. वांट्याचा प्रश्न त्यांत आलाच नाहीं. जुन्यास नव्याच्या बरोबरीला बसविण्यासाठींच कायद्याचा आधार घ्यावा लागला.