परराज्यातल्या ग्राहकाकडं बिल अडकलं तर?

लिंक्डइनवरच्या ओळखीतून बेळगावच्या डिझायनरला पुण्याचं काम मिळतं. बिल मात्र लटकतं. अशा वेळी 'उद्यम' नोंदणी कामी येते. ती ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे मोजू नयेत. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ग्राहकाला करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन होते आणि ग्राहक कुठल्याही राज्यातला असो, ती काम करणाऱ्याच्याच राज्यातल्या परिषदेपुढं चालवता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. वर्क ऑर्डरही ईमेलवर मागून घ्यावी. व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या "हो, पाठवा"वर भिस्त नको.