पगार न घेणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च कोण करतं?

शिरूरची एसटी वाघोली, खराडी मागे टाकून पुण्यात शिरते तेव्हा रामवाडीला पेपल सेमिनरी लागते. मेट्रोमुळे रामवाडी आता सगळ्यांना माहीत झाली. सेमिनरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारं विद्यालय. इथं शिकणाऱ्या पोराला पुढं लग्न नाही, संसार नाही, घरी पाठवायला पगार नाही. शिक्षण मात्र आठ-दहा वर्षांचं. मग खर्च कोण करतं? या प्रश्नाला चारशे वर्षांचा इतिहास आहे.

कॅथलिकांत 'फ्रायर' म्हणून जे संन्यासी असतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ भाऊ. तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिसने मालमत्ता सोडून भिक्षेवर जगणारे असे भाऊ जमवले. आपल्याकडं माधुकरी, तसंच ते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हे फ्रान्सिस्कन गोव्यात आले, पण इथल्या माणसाला आपल्यात घ्यायला तयार नव्हते.

दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो त्यांच्याच रेईश मागुशच्या विद्यालयात शिकला. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला धर्मगुरू करायचं नाकारलं. गडी थेट रोमला गेला. १६२२ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोपगंडा फिदे' या संस्थेने त्याला हात दिला. या संस्थेच्या विद्यालयासाठी व्हिव्हेस नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने रोममधला स्वतःचा वाडा दान केला होता. १६३७ मध्ये मातेउस बिशप झाला आणि त्याला मुलूख मिळाला विजापूरच्या आदिलशाहीचा. तेव्हा पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर आदिलशाहीतच होती. म्हणजे त्या हिशेबानं भीमेच्या अलीकडचा आपला सुपे-दौंडचा पट्टाही त्याच्याच हद्दीत आला. ज्याला गोव्यात दार बंद झालं, तो कुणाच्या तरी दानावर शिकून बिशप होऊन परतला.

पण एकाचं झालं म्हणून सगळ्यांचं होत नाही. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला, तेव्हा पहिले बिशप बायडरलिंडेन जर्मन होते. १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओंनी हिंदुस्थानावर खास पत्र काढलं. परदेशी धर्मगुरू थोडे आहेत, त्यांना इथली भाषा येत नाही, उद्या हाकलले गेले तर काय? म्हणून इथलीच मुलं शिकवा आणि त्यासाठी युरोपनं पैसे द्या, असा त्याचा मतलब. त्याच वर्षी श्रीलंकेत कँडीला पेपल सेमिनरी सुरू झाली.

त्याआधी चार वर्षं, १८८९ मध्ये, फ्रान्समधल्या काँ शहरातल्या बिगार मायलेकींना जपानच्या नागासाकीहून बिशप कुझाँ यांचं पत्र आलं होतं. पैशाअभावी विद्यार्थ्यांना परत पाठवायची वेळ आलीय, असं त्यात होतं. स्तेफानी आणि तिची लेक झान यांनी त्यातून 'संत पीटर' निधी उभा केला. पद्धत साधी होती. दात्याने ठरावीक रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजावर एक विद्यार्थी शिकायचा. मुद्दलाला हात नाही. एक शिकून बाहेर पडला की त्याच पैशावर दुसरा. १९२२ मध्ये पोपनी हा निधी आपल्या अधिकारात घेतला.

लिओंची भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पुणे-मुंबईचे जर्मन जेझुइट इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरले. काहींना आपल्या शेजारच्या नगरच्या छावणीत डांबलं, पुढं मायदेशी पाठवलं. बिशप डोरिंग युरोपात अडकले, त्यांना पुण्यात परतायला १९२७ उजाडलं. माणूस बाहेरचा असला की असं होतं. पुण्याला पहिले भारतीय बिशप, अँड्र्यू डिसोझा, मिळाले ते १९४९ मध्ये. आणि १९५५ मध्ये कँडीची सेमिनरीच नगर रोडला आली.

आता दुसरं चित्र बघा. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली पोरं माधुकरी मागून शिकली आणि गावोगावचे कीर्तनकार झाली. तिथं गावातल्या बायांनी रोज भाकरी वाढली.

दोन्ही पद्धतींत बरं-वाईट आहे. लांबचा पैसा मोठा असतो, पण राजकारण बदललं की आटतो. आजही परदेशी देणगीला २०१० च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते, पै-पैचा हिशेब द्यावा लागतो, आणि द्यायलाच हवा. जवळची भाकरी छोटी, पण वाढणारी बाई पोराला रोज डोळ्यांनी बघते. तिला वेगळा हिशेब लागत नाही.

दौंडला रेल्वेच्या नोकरीमुळे आलेली ख्रिस्ती घरं आहेत, शिरूरला सप्ते होतात, मदरसेही आहेत. फादर असो, महाराज असो की मौलवी, तो आपल्या सुखदुःखात उभा राहतो. तो नीट शिकलेला असावा, असं आपल्यालाच वाटतं. सप्त्याच्या मांडवावर आणि स्पीकरवर आपण किती घालतो, आणि शिकणाऱ्या पोरावर किती?

तुमच्या गावात असं कुणाच्या मदतीवर कोण शिकलं? कमेंटमध्ये जरूर लिहा.