झोपेंत दात खाण्याची मीमांसा

घरांत निजानीज झाली असतां शेजारच्या अंथरुणावरून कराकर दात खाल्ल्याचा आवाज यावा, आणि सकाळीं विचारलें तर दात खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांना आहे. करणाऱ्याला न कळणारी अशी ही क्रिया. म्हणूनच तिचा खरा कर्ता कोण, हा प्रश्न वैद्यांपुढें फार प्राचीन काळापासून उभा आहे. त्याचें जें उत्तर ज्या काळीं मिळालें, त्यावरच त्या काळचा उपचार ठरला. आणि उत्तर चुकलें तेव्हां त्याची किंमत रुग्णाला द्यावी लागली.

प्राचीन बाबिलोनियांतील वैद्यांनीं हा कर्ता परलोकांत शोधला. मातीच्या विटांवर कोरलेल्या त्यांच्या लेखांत झोपेंत दात खाणें हा मृताच्या पिशाचाचा उपद्रव मानला आहे. त्यावर उपाय असा कीं, रुग्णानें सात रात्रीं मनुष्याची कवटी जवळ घेऊन निजावें, आणि प्रत्येक रात्रीं सात वेळां तिचें चुंबन घेऊन ती चाटावी. भारतीय वैद्यकांत माधवनिदान या ग्रंथानें बालग्रहाच्या लक्षणांत मूल दात खातें, असें नमूद केलें आहे. ग्रहाची भीति ओसरली तरी घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका मुलाला जंत झाले असें सांगत राहिल्या. जंतांशीं या संवयीचा निश्चित संबंध सिद्ध झालेला नाहीं. मात्र लहान मुलांत ती पुष्कळ आढळते आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांची आपोआप सुटते. त्यामुळें ताईत बांधला काय किंवा जंतांचें औषध दिलें काय, यश त्या उपायाच्या पदरांत पडत गेलें.

आधुनिक दंतवैद्यकानें या प्रश्नाला हात घातला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. १९०१ सालीं व्हिएन्नाचे दंतवैद्य मोरित्स कारोली यांनीं पायोरियाच्या रुग्णांचीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं आणि या रोगाचा संबंध दात खाण्याशीं जोडला. पायोरियाचें मूळ दातांवर सांचणाऱ्या जंतूंच्या थरांत आहे, हें पुढें सिद्ध झालें. तरीही रात्रीं दातांवर पडणाऱ्या भाराकडे व्यवसायाचें लक्ष वेधलें गेलें, तें कारोलींमुळें.

१९०७ मध्यें एका फ्रेंच नियतकालिकांत या क्रियेला ‘ब्रुक्सोमानी’ असें नांव मिळालें; दात खाणें या अर्थाच्या ग्रीक शब्दाला त्यांत उन्मादवाचक शब्द जोडला होता. आज रूढ असलेला ‘ब्रक्सिझम’ हा शब्द १९३१ मध्यें बर्ट्रँड फ्रोमन यांच्या लेखांत आला, आणि तो लेख दंतविकारांवरील मानसोपचाराविषयीं होता. दोन्ही नांवांचा रोख मनाकडे आहे. मराठी भाषेनें तर हें नातें केव्हांच ओळखलें होतें. संतापलेला मनुष्य मराठींत दातओठ खातो.

परंतु दंतवैद्याचीं हत्यारें मनावर चालत नाहींत, दातांवर चालतात. १९६१ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे सिगुर्ड रॅमफ्यर्ड यांनीं जबड्याच्या स्नायूंतील विद्युत्‌प्रवाह यंत्रानें नोंदवून एक प्रभावी मत मांडलें. मानसिक ताण तर असतोच; पण वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसले म्हणजे जबडा तो अडथळा झिजविण्याची धडपड करतो. तेव्हां तो अडथळा घासून काढावा, म्हणजे संवय सुटेल. या मताच्या आधारावर पुढें पुष्कळ वर्षें कित्येकांचे धडधाकट दात घासले गेले. कवटी चाटल्यानें दात झिजत नव्हते. येथें मात्र झीज थांबविण्यासाठीं दंतवैद्यच दात झिजवीत होता. आणि दातावरचें कठीण कवच एकदां गेलें कीं, शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं, कारण तें घडविणाऱ्या पेशी दात उगवतांनाच नाहींशा झालेल्या असतात.

या मताची उलट परीक्षा १९८४ मध्यें झाली. जॉन रग व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं व्यक्तींच्या दातांवर मुद्दाम उंच टोपणें बसविलीं. अडथळा हेंच कारण असतें, तर रात्रींची क्रिया वाढावयास हवी होती. बहुतेकांत ती कांहीं काळ उलट कमी झाली.

खरा मार्ग दाखविला तो निद्रेच्या अभ्यासानें. १९५३ मध्यें शिकागो येथें डोळ्यांच्या जलद हालचालींच्या निद्रेचा शोध लागला, आणि रात्रभर मेंदू, हृदय व स्नायू यांच्या नोंदी घेण्याची पद्धत रूढ झाली. दात खाणें हें बहुधा हलक्या झोपेंत घडतें, असें या नोंदींनीं दाखविलें. प्रथम हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूच्या लहरी क्षणभर जागेपणाकडे झुकतात, आणि मग जबड्याचे स्नायू सेकंदाला सुमारें एकदां याप्रमाणें आंवळूं लागतात. मॉन्ट्रियल येथील झिल लाविन्य यांच्या गटानें २००१ मध्यें दाखविलें कीं, दात न खाणाऱ्या निरोगी माणसांतही सुमारें ६० टक्क्यांच्या जबड्यांत ही लय सौम्यपणें चालूच असते. म्हणजे कर्ता दातांत नव्हे, मेंदूंत आहे. दात केवळ त्याचे बळी आहेत.

२०१८ मध्यें तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानें, अन्यथा निरोगी असलेल्या माणसांत ही क्रिया रोग मानूं नये, असें ठरविलें. दात झिजत किंवा मोडत असतील, किंवा सकाळीं जबडा दुखत असेल, तरच उपचाराला कारण. रात्रीं दातांवर बसविण्याचें आवरण संवय मोडीत नाहीं, दात वांचवितें. मद्य, तंबाखू व अति कॉफी यांनीं ही क्रिया वाढूं शकते. कांहीं मानसरोगांवरील औषधांनीं ती सुरू होते. झोपेंत श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी आधीं व्हावी लागते. जागेपणीं दात आंवळण्याची खोड ही निराळी गोष्ट; ओठ मिटलेले आणि दात सुटे, एवढी आठवण दिवसांतून अनेकदां ठेवली तर ती कमी होते.

पिशाच, ग्रह, जंत, चावा आणि मेंदू अशीं पांच उत्तरें या प्रश्नाला मिळालीं. आजचें उत्तर सर्वांत भक्कम असलें, तरी तेंही अपुरें आहे. म्हणून जो उपाय सकाळीं दातांवरून काढून ठेवतां येतो, त्याचा मान पहिला.